नाक्यापुढचा चढ

माझा धंदाच फाल्ट शोधायचा. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी जन्म घालवला तो मीटर, गेज आणि सेन्सर यांच्यात. कुठली सुई खरं बोलते आणि कुठली थाप मारते, हे मला दुरून कळतं, अशी माझी शेखी होती. कॉलनीत कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाचा फ्रीज रुसला, की लोक मलाच आवाज द्यायचे आणि मीही छाती फुगवून जायचो. अशा मला घरच्याच एका फाल्टनं तीन महिने नाचवलं. सापडला तेव्हा तोंड लपवायला जागा उरली नाही. आजही आठवलं की मला माझाच राग येतो.

गोष्ट दोन हजार तीन-चार सालची. आम्ही तेव्हा पहिली चारचाकी घेतली. नव्या जातीची गाडी होती. तिला कार्बोरेटर नव्हता, पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर होते, आणि इंजिन काय करतं यावर नजर ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर होता. काही बिघडलं तर समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागायचा. मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक दोनदा वाचून काढलं होतं. बायको म्हणायची, "एवढं तं पोट्टे दहावीलेही वाचत नाई."

आमच्या खानदानात चारचाकीत बसणं म्हणजे लोकाच्या लग्नाला जाताना काय ते बसणं. बाबांनी उभी हयात लोकांच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवला. त्यांना मी हौसेनं गाडीत बसवून मूलपर्यंत नेलं. बसस्टँडजवळ गाडी थांबवली, तर बाबा दार उघडून पाय खाली सोडून चाचपडायला लागले. मी विचारलं, "काय पाहून राह्यले बाबा?" म्हणाले, "चप्पल." "कुठी हाय?" तर म्हणतात, "तुह्या दारापुढंच काढली नं बापा. आत घालून कसा बसू? गाडी नवी हाय ना."

हसून हसून माझे डोळे भरले. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. भर बाजारात बाबा अनवाणी उभे होते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, उलट त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी त्यांना नवी चप्पल घेऊन दिली आणि त्याच दिवशी, बाबांनी गाडीला दिलेला मान राखायचा म्हणून, घरात कायदा केला. आपल्या गाडीत कुणीही पादत्राण घालून बसायचं नाही. काढायचं, पण बाहेर सोडायचं नाही, सोबत घ्यायचं. मागच्या सीटखाली मी वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं, त्यावर ठेवायचं. बायको एकदा पावसाळी चप्पल घालून बसली तर मी असा ओरडलो, की शेजारचे खिडकीत आले. माझा राग तसाच आहे, आधी तोंड सुटतं, मग अक्कल येते.

गाडी घेतली ती खरं म्हणजे बायकोच्या मायसाठी. सासरे गेल्यावर सासूबाई आरमोरीत एकट्याच राहायच्या. गुडघे गेलेले, शुगर वाढलेली, गोळ्या कोणत्या सकाळच्या आणि कोणत्या रात्रीच्या याचा पत्ता नाही. पण घर सोडायला तयार नाहीत. "मले इथून उपटू नका," एवढंच म्हणायच्या. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, नागपूरला होता आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांना न्यायच्या गोष्टी करत होता. बायकोनं त्याला थोपवून धरलं होतं एकाच शब्दावर : मी दर रविवारी जाईन. ती इथल्या शाळेत शिकवायची, सुट्टी फक्त रविवारची. बसनं जाऊन त्याच दिवशी परत येणं जमत नव्हतं. माझी शिफ्ट ड्युटी, रविवार माझ्या हातात नाही. म्हणून ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. माझ्याकडून नाही. मी दोनच दिवस बाजूला बसलो आणि तिसऱ्या दिवशी तिनं चंद्रपूरच्या क्लासमध्ये नाव घातलं.

आणि जायला लागली! मूल, सावली, व्याहाडवरून वैनगंगेचा पूल, गडचिरोली आणि पुढं आरमोरी. जाताना तीन तास, येताना तीन तास. दिवसभरात मायचं डोकं धुऊन द्यायची, आठवड्याच्या गोळ्या वारावारानं पुड्यांत बांधून ठेवायची, भाजी-भात करायची, आणि दिवेलागणीला परत. परतायची तेव्हा दमलेली असायची, पण तोंडावर काय तेज! मला कौतुक होतं. बोलून दाखवलं असेल असं मात्र आठवत नाही.

दीड-दोन महिने बरे गेले. मग एका रविवारी आली, आणि जेवताना म्हणाली, "गाडी उचलून नाई राह्यली. मूलच्या अलीकडं वनखात्याचा नाका आहे ना, त्याच्या पुढच्या चढावर एकदम मेली. बंद नाई पडली, चालू होती, पण जीवच नाई तिच्यात. मी पूर्ण दाबून राह्यली, आणि ती आपली बैलगाडीसारखी. मागं ट्रक हॉर्न वाजवते."

"मंग?"

"मंग बाजूले घेतली. उतरली, पाणी पेली, पाच मिनिटं उभी राह्यली. परत बसली तं ठीक."

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन त्याच चढावर गेलो. अशी उचलली, की विचारू नका. तरी मी पद्धतशीर माणूस. एकदम दम जातो म्हणजे इंजिनला तीनपैकी एक गोष्ट कमी पडते : हवा, पेट्रोल, नाहीतर ठिणगी. हवेचा फिल्टर काढून झटकला, साफ होता. पेट्रोलचा फिल्टर बदलला. प्लग काढून पाहिले, त्यांचा रंग जसा हवा तसा. मी तिला सांगितलं, गाडी चांगली आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. यावेळी व्याहाडच्या पुढं, पुलावर. त्याच्या पुढच्या खेपेला ती एका ट्रॅक्टरला ओलांडत होती, समोरून बस आली, आणि नेमकी तेव्हाच गाडी मेली. ती म्हणाली, बसवाल्यानं बस रस्त्याखाली उतरवली म्हणून आज तुमच्यासमोर बसली आहे.  मी सगळं ऐकलं, आणि तरी पहिला प्रश्न काय विचारला? "गिअर कोणता होता?"

मी गाडी चंद्रपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपात नेली. तिथल्या पोरानं कॉम्प्युटरची वायर लावली, बराच वेळ पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "सर, एकही फाल्ट नोंदलेला नाही." मी म्हटलं, हवा मोजणारा सेन्सर? ठीक. पेट्रोलच्या पंपाचा दाब? ठीक. सायलेन्सरमध्ये धूर गाळणारी जाळी असते, ती चोंदली तर इंजिनचा श्वास कोंडतो. तीही पाहिली, मोकळी होती. त्या पोरानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम चालवतात तेव्हाच होतं का?" आणि हसला. मीही हसलो. माझ्या हातून जे काही वाईट झालं असेल, त्यात ते हसणं मी सगळ्यांत वर धरतो.

घरी येऊन मी तिला म्हटलं, चल, माझ्यासमोर चालव. आम्ही नाक्यापुढच्या चढावर गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. एकदाही गाडी मेली नाही. मी बाजूला बसून "आता क्लच सोड, आता दाब" करत होतो आणि ती घामानं भिजली होती. घराच्या दारात गाडी उभी करून मी निकाल दिला, "गाडीत काही नाई. तू घाबरते, अर्धाच पाय दाबते." तिनं आत जाऊन चावी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकाला लागली.

ती चावी तिथून दोन महिने हलली नाही. ती बसनं जायला लागली, दर रविवारी नाही, महिन्यातून एकदा, सोमवारची रजा टाकून. मधल्या आठवड्यांत सासूबाई गोळ्या आपल्या मनानं घेत होत्या. एक दिवस शुगरची गोळी दोनदा घेतली आणि न्हाणीत चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही, पण मेहुण्याचा फोन आला तो सरळ ठरवूनच : येत्या महिन्यात मायला नागपूरला नेतो, घर भाड्यानं देतो. बायको फोनवर "हो" म्हणाली. त्यानंतर पलंगावर बसून राहिली आणि मला म्हणाली, "मी शब्द दिला होता तिले." एवढंच. रडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मला आमचे मिस्त्री चाचा आठवले. शहरात किल्ल्याच्या भिंतीजवळ त्यांचं टिनाचं गॅरेज होतं. माझी पहिली स्कूटर त्यांच्याच हाताखाली वाढली. नव्या गाड्या ते घ्यायचे नाहीत, "हमारे बस का नाई भाऊ," म्हणायचे. तरी गेलो. बायकोलाही जवळजवळ ओढूनच नेलं. मी सुरू केलं : फिल्टर बदलला, पंप पाहिला, सेन्सर पाहिला. चाचांनी हात वर केला. "साहेब, तुम्ही थांबा. गाडी कोण चालवत होतं?"

"ही."

"तर मग बाई सांगतील. बोला बाई, काय होते?"

मला आठवतं, ती आधी माझ्याकडं पाहायला लागली. तीन महिन्यांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं विचारलं होतं, पण फिल्टरला, प्लगला आणि कॉम्प्युटरला. मग ती बोलली. चाचा मान हलवत ऐकत होते. तिचं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"ॲक्सिलेटर पूरा जाते का खाली?"

"जाते नं. टेकते."

"कसं टेकते? कडक का मऊ?"

ती आठवून म्हणाली, "तेव्हा मऊ टेकते. आणि दरवेळेस जोरात ब्रेक लागल्यावरच होते. नाक्याच्या ब्रेकरवर, नाईतं गाय आडवी आली तं."

मी तोंड उघडलं, "अवं, हे मले काऊन..." चाचांनी पुन्हा हात वर केला.

"साहेब, तुम्ही इथी चहा प्या. मी बाईसंग जाऊन येतो. बाई, एकट्यानं जाताना घरून जशा निघता, अगदी तस्संच करा. मी मागं बसतो. समजा, मी नाहीच." आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले. मी टिनाखाली चहा घेऊन उभा. माझ्याच गाडीतून मला उतरवलं, म्हणून मनात धुसफुसत होतो.

वीसेक मिनिटांनी गाडी आली. दार उघडलं आणि बायको खाली उतरली. अनवाणी. हातात एक चप्पल, रबरी, तळाला दुमडल्याची खूण पडलेली. तिच्या मागून चाचा आले. त्यांनी ती चप्पल तिच्या हातातून घेतली आणि माझ्यापुढं धरली.

"साहेब, हा घ्या तुमचा सेन्सर. गाडीत चप्पल काढून बसाचा कायदा कोणाचा?"

एका क्षणात मला सगळं दिसलं. ती एकटी निघायची तेव्हा माझा कायदा पाळून चप्पल काढायची. पण मागं ठेवायची नाही, पायाशीच ठेवायची. जोरात ब्रेक लागला की चप्पल सरकून ॲक्सिलेटरखाली जायची, पाय पूर्ण दाबला तरी पॅडल अर्ध्यावरच टेकायचं. गाडी बाजूला घेऊन ती उतरायची, उतरताना खाली न पाहता पायानंच चाचपडून चप्पल घालायची, की फाल्ट गेला! परत बसताना ती पुन्हा काढून नीट बाजूला ठेवायची. आणि मी सोबत असलो की माझ्या धाकानं ती चप्पल मागं वर्तमानपत्रावर जायची. मग माझ्यासमोर गाडी मरणार कशी?

मी खेकसलो. होय, तेव्हाही. "पायापाशी काऊन ठेवते? मागं कागद टाकला आहे ना!"

ती म्हणाली, "तुम्ही सोबत नसता, आणि मधात दोन ठिकाणी दाट जंगल आहे. गाडी बंद पडली तं मागचं दार उघडून चप्पल शोधत बसू का? पायापाशी असली तं घालून पळता तरी येते."

 चाचा ती चप्पल उलटीपालटी करून पाहत होते. म्हणाले, "साहेब, ॲक्सिलेटरखाली गेली म्हणून तुम्ही नशीबवान. चार बोटं इकडं सरकून ब्रेकखाली गेली असती तर?"  खरंच सांगतो, मी त्या टिनाखाली टायरवर बसलो. ट्रॅक्टर, समोरून येणारी बस, आणि ही ब्रेक दाबते आहे, आणि तो मऊ टेकतो आहे. ते चित्र पुढं कित्येक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

परत येताना गाडी मी चालवत होतो. ती पायात चप्पल घालून बाजूला बसली होती, मीच घालायला लावली. दुर्गापूरचा फाटा आला. मग मी म्हटलं, "माझं चुकलं." हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही.

ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "दरवेळेस तुम्ही गाडी तपासून याचे आणि खुश होऊन सांगाचे, गाडीत फाल्ट नाई. तुम्हाले बरं वाटाचं. मंग मी म्हणाची, गाडीत नाई तं माह्यातच असन. मले वाटलं, वय झालं माहं. पायातली ताकद गेली. मायसारखे माहेही गुडघे चालले."

मी गाडी बाजूला घेतली. रडू आलं, लाज वाटली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बस झालं, लोक पाह्यतीन." पण हात काढला नाही.

तिनं भावाला फोन करून सांगितलं, मायला इतक्यात नेऊ नको, मी पुन्हा दर रविवारी जाईन. त्या रविवारी मला सुट्टी होती. शनिवारीच मी म्हटलं, मी येतो सोबत. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुम्ही बाजूले बसले का मले वाटते, आता काही चुकन." माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला असणार. पण मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसायचं मला आधी सुचलं, नंतर नाही.

सकाळी साडेआठला ती निघाली. पायात मागून पट्टा असलेले सँडल होते. मी फाटकाशी उभा राहिलो, काही सूचना केली नाही, टायरकडंही पाहिलं नाही. फक्त म्हटलं, "पोचली का फोन कर." मान हलवून ती गेली.

साडेअकराला फोन यायला हवा होता. मी अकरालाच फोनजवळ खुर्ची ओढून बसलो. साडेअकरा झाले. बारा झाले. मी मनातल्या मनात रस्ता चालत होतो : नाका, चढ, मूल, सावली, पूल. साडेबाराला सासूबाईंच्या घरी फोन लावला तर लाइन लागेना. उठलो, शर्ट घातला, काढला, परत घातला. शेजाऱ्याची मोटरसायकल मागायची म्हणून फाटकापर्यंत गेलो आणि फोन वाजेल म्हणून परत पळालो. एक वाजला. त्या दीड तासात मी काय काय कबूल केलं असेल, ते मलाच माहीत.

दीडला घंटी वाजली. मी झडप घालून रिसीव्हर उचलला.

तिकडून भांड्यांचा आवाज, कुणीतरी बाया बोलत होत्या, आणि ही हसत होती. "आवो, मी केव्हाची पोचली! अकरालेच. मायनं गोष्टी काढल्या, शेजारच्या बाया गाडी पाहाले आल्या, मंग तिचं डोकं धुतलं. फोन कराचं डोक्यातूनच गेलं. काऊन, तुम्ही वाट पाहून राह्यले होते का?"

राग यायला पाहिजे होता. इतर कुठल्याही दिवशी मी असा भडकलो असतो, की फोनची तार वितळली असती. पण ती मला फोन करायचं विसरली होती. म्हणजे नाक्यावर, चढावर, जंगलात, पुलावर, कुठेच तिला भीती वाटली नव्हती.

मी म्हटलं, "नाई, मी आत्ताच उठलो."

"दुपारी दीडले?" ती म्हणाली. "बरं, ठेवते. मायले जेवाले वाढाचं आहे."